घड्याळजीचा ऑक्टोपॅड

गणपती जवळ आले की एक तक्रार ठरलेली: इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी आपली वाद्यं खाल्ली. मी रायगडातल्या एका बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवतो. आधी ढोलकीच वाजवायचो, भजनाला अजूनही तीच घेतो. त्यामुळे दोन्हीकडचे शिव्याशाप ऐकून आहे. पण ज्याच्या वाद्यांवरून हे चालतं तो माणूस कोण, हे आमच्या धंद्यातही फारसं कुणाला ठाऊक नसतं.

इकुतारो काकेहाशी. जन्म १९३०, ओसाका. दोन वर्षांचे असताना आईवडील क्षयाने गेले. युद्धानंतर प्रकृतीपायी विद्यापीठाचं दार बंद झालं, तेव्हा सोळाव्या वर्षी त्यांनी क्यूशू बेटावर घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं. पुढे रेडिओ दुरुस्त करू लागले. विशीत त्यांनाही क्षयाने गाठलं. काही वर्षं आरोग्यधामात गेली आणि तेव्हा नव्याच असलेल्या स्ट्रेप्टोमायसिनने ते वाचले. संगीताचं रीतसर शिक्षण शून्य.

१९६७ साली त्यांचं ‘ऱ्हिदम एस’ आलं. बटण दाबा, ठेका सुरू. इथे तक्रारवाल्यांना माझं अर्धं मत, कारण या पेटीला वादक लागतच नव्हता. १९७२ मध्ये त्यांनी रोलँड कंपनी काढली आणि १९८० मध्ये टीआर-८०८ ही ठेक्याची नवी पेटी. तिचा आवाज खऱ्या ड्रमसारखा नाही म्हणून लोकांनी नाकं मुरडली, तीन वर्षांत उत्पादन थांबलं. त्या आवाजातली खरखर काकेहाशींनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर घेऊन मिळवली होती! मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये हीच पेटी घेऊन दहा रागांची तबकडी केली. तेव्हा तिला कुणी विचारलं नाही. २०१०च्या सुमारास पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक चाट पडले.

पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम वेगळंच आहे. तोवर एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी नीट जोडता येत नसे. १९८१ मध्ये काकेहाशींनी अमेरिकेतल्या प्रतिस्पर्ध्यांपुढे विषय काढला, की सगळ्यांची मिळून एकच पद्धत ठरवू. त्यांच्यापैकी डेव्ह स्मिथ यांनी तो उचलून धरला. जानेवारी १९८३ मध्ये दोन कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडून वाजवून दाखवले. तीच ‘मिडी’. कुणीही वापरा, फी नाही. त्यासाठी २०१३ मध्ये दोघांना तांत्रिक ग्रॅमी मिळालं.

आणि रोलँडचा १९८५ चा पहिला ऑक्टोपॅड? रबराचे आठ चौकोन, पोटात स्वतःचा एकही आवाज नाही. मिडीची वायर दुसऱ्या पेटीत खोचल्याशिवाय तो मुका. पुढे एसपीडी-२०सारख्या मॉडेलांत तबल्यापासून सगळे आवाज आतच आले आणि आमच्या ऑर्केस्ट्रांचा तो हुकमी एक्का झाला. तरी काठी हातातच राहिली. हलकी मारली तर हलका, जोरात मारली तर दणदणीत. आगरी-कोळी गाण्याचा ठेका ज्याच्या अंगात नाही त्याने आठही चौकोन बडवले तरी मांडवात कुणी उठून नाचत नाही.

ढोलकी, संबळ, ताशा एकट्या ऑक्टोपॅडवर निघतात आणि तिघांचं मानधन वाचतं, हे खरंच आहे. माझ्या ओळखीचे संबळवाले त्यामुळे घरी बसले. पण तो हिशेब सुपारी देणाऱ्याचा, घड्याळजीचा नव्हे. आता तर हळदीची सुपारी देताना माझाही हिशेब निघतो: ‘ट्रॅकवर केलं तर किती कमी घ्याल?’ म्हणजे गायक एक, पेनड्राइव्ह एक. वाद्यं इलेक्ट्रॉनिक की कातड्याची, हा वाद तिथे संपलेलाच असतो, कारण वाजवणाराच नको असतो.

म्हणून मंडळांना माझं सांगणं एवढंच. मिरवणुकीच्या स्पर्धेत बक्षीस ठेवता ना? मग गाडीवर किती जण प्रत्यक्ष वाजवत होते, याला गुण द्या. संबळवाल्याला दोन गुण जास्त द्या, माझी हरकत नाही.