‘देश’ कोणता?

सह्याद्रीच्या पूर्वेस घाटमाथ्यापलीकडे पसरलेल्या महाराष्ट्राच्या पठारास ‘देश’ म्हणतात. हें विशेषनाम होय; पण ज्या सामान्यनामावरून तें आलें त्याचा संसार फार मोठा आहे. देशस्थ-कोकणस्थ या घरोघरच्या जोडींतील देश तो हाच पठारी देश. ‘देशस्थ म्हणजे देशांत राहणारा’ असा नुसता विग्रह केला, तर बिचाऱ्या कोकणस्थास राहावयास जागाच उरत नाहीं!

मूळ धातु दिश्, म्हणजे दाखविणें. बोटानें दाखवितां येईल ती जागा म्हणजे देश. म्हणूनच संस्कृतांत कंठदेश आहे, कटिदेशही आहे. ज्योतिषांत दोन स्थळांच्या पूर्वपश्चिम अंतरास देशांतर म्हणतात. देशमुख-देशपांड्यांचा देश म्हणजे राज्य नव्हे, एक परगणा. हेमचंद्राचार्यांनीं बाराव्या शतकांत ‘देशीनाममाला’ रचिली, ती संस्कृतावरून न साधणाऱ्या शब्दांची. राष्ट्र हा अर्थ यांतलाच एक. वर्तमानपत्र वाचणारास मात्र तेवढाच ठाऊक असतो.

हें सारें पाठ असूनही मीं एकदां मोठी चूक केली. माझा जन्म वऱ्हाडांतला. ‘देशावर’ हा प्रयोग माझ्या कानीं पडला नव्हता. चिपळुणाकडील एका शाळेंत नुकताच रुजू झालों होतों. ‘माझे वडील’ या निबंधांत एका मुलानें लिहिलें, ‘माझे वडील नोकरीसाठीं देशावर असतात.’ मीं तांबड्या शाईनें ‘देशावर’ खोडून ‘परदेशीं’ केलें, आणि समासांत ‘अर्थभेद लक्षांत घे’ असा शेराही मारला.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई वही घेऊन शाळेच्या पायरीशीं उभी. “मास्तर, दोन महिने झाले, आम्हांला पत्र नाहीं. ते परदेशीं गेले हें तुम्हांला कुणी कळवलं?”

गृहस्थ कराडास होते. चिपळुणाहून कुंभार्ली घाट चढून गेलें कीं देश लागतो, हें त्या मुलास कळत होतें, मला नव्हतें. बाईंच्या डोळ्यांना डोळा देण्याचें धैर्य होईना. मीं शेरा खोडला, ‘देशावर’ हा शब्द त्यांच्यादेखत पुन्हां लिहिला आणि खालीं सही केली.

बाईंनीं तें अक्षर दोनदां वाचलें. मग वही मिटून म्हणाल्या, “देशावरच आहेत ना? मग शिमग्याला येतील.”