भांडुपचे इंग्रजी

भांडुपचा आणि इंग्रजी भाषेचा ऋणानुबंध आजकालचा नाही. मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क १८४३ साली भांडुपला आले असताना, मुंबईहून ठाण्यापर्यंत आणि पुढे घाटाकडे लोहमार्ग न्यावा ही कल्पना त्यांच्या मनात प्रथम आली, असे रेल्वेच्या इतिहासात नमूद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती भांडुपवरूनच. साहेबाला इथे असे काय दिसले की त्याला आगगाडी सुचावी, हे कोडे सकाळच्या लोकलला लोंबकळणाऱ्या भांडुपकराला उलगडणार नाही. पण त्या गाडीच्या मागोमाग इंग्रजी शब्दांची जी मालगाडी निघाली, तिचा शेवटचा डबा अजून आपल्या दारावरून गेलेला नाही.

स्टेशन, तिकीट, सिग्नल, गार्ड, इंजिन, लोकल. यांतला एकही शब्द कुणी कोशात पाहून शिकलेला नाही. शब्दांचे असेच असते. पाहुण्यासारखे येतात, दोन दिवस पाटावर अंग चोरून बसतात आणि तिसऱ्या दिवशी माठातले पाणी स्वतःच घेऊन पितात. खरी पंचाईत होते ती वाक्प्रचारांची. आता हेच पाहा. धावतपळत फलाटावर यावे आणि गाडी निघून जावी, तर इंग्रज म्हणतो, ‘आय मिस्ड द ट्रेन.’ आपण म्हणतो, ‘माझी गाडी चुकली.’ म्हणजे इंग्रजीत चुकतो तो माणूस आणि मराठीत चुकते ती गाडी! हातातून कप पडला, तर तो म्हणतो, ‘आय ब्रोक द कप’. आपल्याकडे कप आपण होऊन फुटतो. यावरून इंग्रज मनुष्य अधिक प्रामाणिक असतो, असे अनुमान काढण्याची घाई कृपया करू नये. दोन्ही भाषांची घडण निराळी, एवढेच. पण शब्दाला शब्द जोडून बोलू पाहणाऱ्याचा पाय नेमका याच ठिकाणी घसरतो. पाहुण्यांचा निरोप घेताना ‘येतो हं’ म्हणणारा आपला सभ्य गृहस्थ ‘आय कम’ म्हणाला, तर इंग्रज यजमान त्याच्यासाठी पुन्हा खुर्ची पुढे करील.

ही गंमत झाली. कधी कधी ती महागातही पडते. जुन्या आग्रा रोडच्या, म्हणजे आताच्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेने एके काळी कारखान्यांची मोठी रांग होती. गेस्ट कीन विल्यम्स, सिएट, एशियन पेंट्स ही नावे इथल्या पोरासोरांना पाठ असत. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लहान कारखाने उभे राहिले. अशाच एका लहान कारखान्यात काम केलेले एक निवृत्त टर्नर आमच्या परिचयाचे आहेत. मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या लहानपणी शाळेत इंग्रजी आठवीपासून सुरू होई आणि यांनी नववीत शाळा सोडलेली; तेव्हा हिशेब वाचकांनीच करावा. पण लेथवर उभे राहिले की त्यांचे इंग्रजी बिनचूक. ‘जॉब’ म्हणजे नोकरी नव्हे, तर लेथवर चढवलेला तुकडा. ‘एक थाऊ’ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ‘टॉलरन्स’ म्हणजे सहिष्णुता नव्हे, तर माप किती चुकले तरी चालेल त्याची हद्द. आमच्या कॉलेजातल्या कुणालाही या शब्दांचे अर्थ इतके नेमके सांगता आले नसते.

याच गृहस्थांना तरुणपणी एकदा तापामुळे न कळवता चार दिवस घरी राहावे लागले आणि कारखान्याने त्यांच्या हाती एक इंग्रजी कागद ठेवला. मजकूर दोनच ओळींचा. त्यातले ‘शो कॉज’ हे दोन शब्द त्यांनी शेजारच्या एका शिकलेल्या माणसाला विचारले. त्याने प्रत्येक शब्दाचा अर्थ अचूक सांगितला: शो म्हणजे दाखवणे, कॉज म्हणजे कारण. दुसऱ्या दिवशी आमचे टर्नर कारण दाखवायला औषधाची बाटली घेऊन साहेबाच्या केबिनमध्ये गेले. साहेब हसला. कागदाला कागदाने उत्तर द्यायचे असते, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. मुदत टळून गेली आणि पगार कापला गेला. त्या महिन्यात गावी मनिऑर्डर गेली नाही. सरकारी मराठीनेही पुढे याचे ‘कारणे दाखवा नोटीस’ असे भाषांतर करून ठेवले आहे. कारण कधी कुणी दाखवतो का हो? कारण सांगतात किंवा देतात. दाखवतात ती सबब नाही तर पाठ!

या प्रसंगानंतर त्यांनी स्टेशनाबाहेरच्या फेरीवाल्याकडून महिन्याभरात इंग्रजी शिकवणारे एक पुस्तक घेतले. असली पुस्तके आजही मिळतात आणि त्यांच्या शेवटी वाक्प्रचारांची यादी असतेच. त्या यादीत मांजरे आणि कुत्री हमखास भेटतात. ‘इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस पडत आहे! मुसळासारखी जाड धार हे चित्र निदान डोळ्यांपुढे उभे राहते. आकाशातून मांजरे का पडावीत, याची खात्रीलायक उपपत्ती खुद्द इंग्रजांनाही देता येत नाही. शिवाय तो वाक्प्रचार त्यांच्या रोजच्या बोलण्यात आता क्वचितच येतो. ‘इट्स पोअरिंग’ म्हणून ते मोकळे होतात. आमची मुले मात्र परीक्षेत तो घालून दोन गुण मिळवतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्या रात्री रुळांवरून चालत घरी आलेल्या भांडुपकरांना कुत्र्यामांजरांची आठवण झाली असेल असे वाटत नाही.

यादीतले वाक्प्रचार खोटे असतात असे नाही. ते सुकवलेले असतात. कुणी, कुणाला, कोणत्या वेळी म्हणायचे, हा त्यांतला रस निघून गेलेला असतो. ‘आय अ‍ॅम अफ्रेड ही इज नॉट इन’ असे टेलिफोनवर कुणी म्हणाले, तर तो घाबरलेला नसतो. ‘साहेब जागेवर नाहीत’ ही अप्रिय बातमी तो अदबीने देत असतो. अफ्रेड म्हणजे घाबरलेला, हे पाठ करून ही अदब हाती लागत नाही.

‘हाती लागत नाही’ असे सहज लिहून गेलो, आणि मला सांगायचे ते नेमके याच ‘लागणे’पाशी आहे. या एका क्रियापदाचे संसार मोजून पाहा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, दिवा लागतो, दार लागते, नोकरी लागते, नाद लागतो, डोळा लागतो, वाटेत गाव लागते, बोललेले मनाला लागते आणि आजारी माणसाला घरघर लागते. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तीही या सगळ्या ठिकाणी ‘लागणे’ बिनचूक वापरते. मनाला लागले आणि पायाला लागले यांतला भेद तिला कुणी फळ्यावर समजावलेला नाही. आता इंग्रजीतला ‘गेट’ घ्या. ‘गेट अप’ म्हणजे ऊठ, ‘इट इज गेटिंग लेट’ म्हणजे उशीर होतो आहे, ‘गेट ओव्हर इट’ म्हणजे झाले गेले मनावेगळे कर, ‘आय डोन्ट गेट यू’ म्हणजे तुमचे म्हणणे ध्यानात येत नाही. विद्यार्थी वैतागतो आणि म्हणतो, ‘सर, या गेटला काही नियमच नाही!’ मी म्हणतो, ‘लागणे’ला कुठे आहे? तरी तू ते शिकलासच ना? कसे शिकलास ते आठव. आईने हाक मारली, आजी कुरकुरली, बाजूच्या काकू भांडल्या, ते तू ऐकलेस. तसाच ‘गेट’ही ऐक.

ऐकून शिकण्याचे एक थोर उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १८७८ साली सतरा वर्षांच्या रवींद्रनाथ ठाकुरांना विलायतेला पाठवायचे ठरले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तेव्हा अहमदाबादेस सनदी नोकरीत होते. जाण्यापूर्वी मुलाची जीभ इंग्रजीला वळावी म्हणून त्यांनी त्याला सुमारे दोन महिने मुंबईस डॉक्टर आत्माराम पांडुरंगांच्या घरी ठेवले. हे तर्खडकरांचे घराणे. आत्मारामपंत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी आणि १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबांचे बंधू. आत्मारामपंतांची कन्या अन्नपूर्णा विलायत पाहून आली होती. तिने रवींद्रनाथांना इंग्रजी बोलायला शिकवले. त्यांनी तिला ‘नलिनी’ असे नाव दिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पुढे जगभर व्याख्याने देत फिरलेल्या या कवीला बोलीच्या इंग्रजीचे धडे एका मराठी मुलीने दिले, याचा आपण म्हणावा तितका डौल मिरवीत नाही.

आणि योग पाहा, पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांनी जिच्यावरून इंग्रजी गिरवले ती तीन भागांची भाषांतर पाठमालाही तर्खडकरांचीच, द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची. मराठी वाक्याचे इंग्रजी करा, इंग्रजीचे मराठी करा, असा तिचा खाक्या. तिने आपल्या वाडवडिलांचा पाया पक्का केला, यात शंका नाही. बिनचूक अर्ज लिहिणारी, परंतु साहेबाने ‘हाऊ डू यू डू’ म्हटल्यावर प्रकृतीची सविस्तर हकीकत सांगणारी कारकुनांची एक आख्खी पिढी याच पद्धतीतून निघाली. पाठमाला आणि अन्नपूर्णा, दोन्ही हव्यात. आपण पाठमाला घेतली आणि अन्नपूर्णेला विसरलो.

हल्ली मात्र उलटेच संकट उभे आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आले आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा तर टेंभीपाड्यापासून स्टेशनापर्यंत जागोजागी दिसतात. मुलांना इंग्रजी यावे, या मताचा मीही आहे. ते न आल्याने पगार कापला गेलेला माणूस मी पाहिला आहे. पण एका शाळेच्या पालकसभेत आईबापांना बजावण्यात आले, की घरीसुद्धा इंग्रजीतच बोला. झाले! त्या दिवसापासून अनेक घरांत जे इंग्रजी सुरू झाले ते मी कान देऊन ऐकले आहे. ‘ईट फास्ट.’ ‘सिट प्रॉपरली.’ ‘डोन्ट डू मस्ती.’ याच्या पुढे ते जात नाही, कारण आईबापांजवळ याच्या पुढचे इंग्रजी नाही. ज्या आईला मराठीत रागावायच्या चाळीस तऱ्हा येतात, ती इंग्रजीत तीन हुकमांवर येऊन थांबते. मूल ते तीन हुकूम शिकते आणि त्या चाळीस तऱ्हांना मुकते. मग आजी म्हणाली, ‘तुझ्यापायी माझ्या नाकी नऊ आले,’ तर नातू तिच्या नाकाकडे पाहतो. त्याला आजीचे बोलणे कळत नाही हे तर वाईटच. पण शब्दांच्या मागे दुसरे काही दडलेले असते, ही जाणीवच ज्या मुलाला घरात झाली नाही, ते मूल इंग्रजीच्या मागे दडलेले तरी काय ओळखणार? तीन हुकूम बंद करून आजीचे तोंड मोकळे ठेवा, आणि इंग्रजी ज्यांना खरोखर येते त्यांच्या तोंडून मुलांच्या कानावर पडू द्या. रेडिओवर, सिनेमात, क्रिकेटच्या समालोचनात ते आता फुकट मिळते. अन्नपूर्णाबाईंच्या काळी ते एखाद्याच घरात होते.

आमच्या टर्नर गृहस्थांची नात आठवीत आहे, इंग्रजी शाळेत. ‘आमचा रस्ता’ यावर इंग्रजीत निबंध लिहायचा होता आणि भांडुपात आहे जंगलमंगल रोड! कोश उघडला. जंगल हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलेला, त्यामुळे तिथे अडचण नव्हती. मंगल म्हणजे ‘ऑस्पिशस’ असे मिळाले, पण दोन्ही शेजारी ठेवून काही केल्या अर्थ होईना. पोरगी रडकुंडीला आली. आजोबा म्हणाले, ‘अगं, कोश मीट. जंगलात काय असतं? आणि तुझ्या मावशीच्या लग्नात तू काय काय पाहिलंस?’ ती सांगत गेली आणि मग तिने लिहिले, ‘देअर वॉज नथिंग हिअर बट ट्रीज, अँड देन देअर वॉज अ वेडिंग.’ आजोबांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतले आणि बारीक डोळे करून विचारले, ‘आबाला एक सांग. हा जो बट आहे, तो “पण” नव्हे ना?’