टिकविण्याच्या तीन तऱ्हा

हळदीचा डाग साबणानें क्षणभर लाल होतो, पाण्यानें पुन्हा पिवळा दिसूं लागतो, आणि कापड दोन दिवस उन्हांत घातलें कीं उडून जातो. मंजिष्ठेचें तसें नाहीं. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत पूर्वरागाचे नीली, कुसुंभ व मंजिष्ठा असे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं जो शोभतोहि आणि जातहि नाहीं, तो मंजिष्ठाराग. परंतु ह्या टिकाऊपणाचें सारें श्रेय मंजिष्ठेस देतां येत नाहीं. तिच्या नुसत्या काढ्यांत सुती कापड बुडविलें तर रंग नीट धरत नाहीं. म्हणून रंगारी कापडास आधीं हिरड्याचें पाणी देतो व मग तुरटीचें. तुरटींतील ॲल्युमिनियम एका हातानें धाग्यास धरतें व दुसऱ्यानें रंगास. तुरटीऐवजीं लोखंडाचा क्षार वापरला, तर तोच रंग काळपट-जांभळा उठतो. ह्या मध्यस्थास रंगबंधक असें म्हणतात.

फोटोग्राफींतील स्थिरीकरण याच्या अगदीं उलट आहे. तेथें कांहीं जोडावयाचें नसतें, तर काढून टाकावयाचें असतें. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षाराचें काळ्या चांदींत रूपांतर झालें म्हणजे चित्र उमटतें. पण प्रकाश न पडलेला क्षार कागदावर तसाच उरतो आणि उजेडांत आणल्यावर तोहि काळवंडतो. हे क्षार ‘हायपो’ विरघळवितो, हें इंग्लंडांतील जॉन हर्शेल ह्यांस १८१९ सालीं आढळलें, आणि १८३९ सालीं त्यांनीं त्याचा उपयोग चित्रें स्थिर करण्याकडे केला. मात्र काम झाल्यावर हायपो स्वतःहि धुवून निघावा लागतो. तो कागदांत राहिला, तर त्यांतील गंधक पुढें चांदीस ग्रासतें. आजोबा-पणजोबांचीं कित्येक चित्रें पिवळीं पडलीं आहेत, त्याचें एक मोठें कारण हें अपुरें धुणें होय. आपल्या घरांतील अशीं चित्रें कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावीं, आणि शक्य तितक्या लवकर त्यांच्या प्रती काढून घ्याव्या.

तिसरी तऱ्हा वैद्यकांतील. फॉर्मॅलिन हाताळतांना आपल्या बोटांची कातडी कडक होते, असें जर्मन वैद्य फर्डिनंड ब्लुम ह्यांच्या ध्यानांत आलें, आणि १८९३ सालीं त्यांनीं शरीरांतील पेशीजाल टिकविण्याची ही रीत प्रसिद्ध केली. फॉर्मॅलिन प्रथिनांस एकमेकांशीं जखडतें. त्यामुळें सडण्याची क्रिया थांबते व पेशींची ठेवण जशीच्या तशी राहते.

ह्या गोष्टीचा संबंध कोणत्याहि कुटुंबाशीं येऊं शकतो. बायॉप्सीचा तुकडा बाटलींत घालून ती प्रयोगशाळेंत पोंचविण्याचें काम पुष्कळदां नातलगांकडेच येतें. त्या वेळीं बाटली उघडूं नये, हुंगूं नये. वास उग्र आहे म्हणून आंतील द्रव ओतून पाणी तर मुळींच घालूं नये. तुकडा सडला, तर रोगाचें निदान चुकूं शकतें आणि आजाऱ्यास पुन्हा शस्त्राखालीं जावें लागतें. उलट, जंतूंची वाढ करून परीक्षा करावयाची असेल, तर फॉर्मॅलिन चालत नाहीं. कारण त्यांत जंतूच मरतात. म्हणून दोन बाटल्या दिल्या असल्यास कोणती कशासाठीं, हें डॉक्टरांस विचारून बाटलीवर लिहून घ्यावें.

जें मृत पेशींस टिकवितें, तें जिवंत देहास घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं फॉर्मॅलिनमधील फॉर्मल्डिहाइड मनुष्यास कर्करोगकारक ठरविलें. अन्न टिकविण्यासाठीं तें वापरण्यास आपल्या कायद्याची परवानगी नाहीं. तरीहि जुलै २०१८ मध्यें परराज्यांतून गोव्यांत येणाऱ्या मासळींत तें असल्याचा संशय आला, आणि सरकारला ती आयात कांहीं दिवस बंद ठेवावी लागली. मासळीच्या प्रथिनांशीं एकदां जडलेलें हें द्रव्य घरीं धुवून निघेल, असा भरंवसा कोणीं धरूं नये. म्हणून मासळीस माशी शिवत नसेल किंवा तिला औषधी उग्र वास येत असेल, तर स्वस्त मिळाली तरी ती घेऊं नये.