गुणवत्तेचे स्पेलिंग

'गुणवत्ता' हा शब्द या देशात सर्वांत जास्त कोण वापरतो? ज्याच्या घरात तीन-तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, तो! आरक्षणाचा विषय निघाला की हाच शब्द आमच्या तोंडावर फेकला जातो. म्हणून आम्ही आमच्या वाचकांना एक परदेशी माहितीपट आवर्जून पाहायला सांगत आहोत. जेफ्री ब्लिट्झ यांचा 'स्पेलबाउंड' हा माहितीपट 2002 साली आला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यात जातीचा उल्लेख नाही, आरक्षणाचाही नाही. अमेरिकेतील शाळकरी मुले इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग सांगतात, एवढाच त्याचा विषय. परंतु गुणवत्ता कोठे तयार होते, हे तो माहितीपट भाषण न करता दाखवतो.

अमेरिकेत ही राष्ट्रीय स्पर्धा 1925 पासून भरते. 1999 साली वॉशिंग्टन येथील अंतिम स्पर्धेत 249 मुले होती. माहितीपट त्यांतील आठ मुलांच्या घरी जातो. मंचावर सर्वांना नियम सारखे. एक अक्षर चुकले की घंटा वाजते आणि मूल बाहेर पडते. याहून निःपक्षपाती स्पर्धा कोणती, असे कोणालाही वाटेल. पण कॅमेरा घरात शिरला, की सारा फरक उघडा पडतो.

एका घरी भारतीय वंशाचा मुलगा आहे. वडिलांचे कडक वेळापत्रक, वेगवेगळ्या भाषांचे शिक्षक, संगणकावर रोजचा सराव; शिवाय नातवाच्या यशासाठी इकडे भारतात पैसे देऊन माणसे प्रार्थनेला बसवलेली. (हा मुलगा मंचावर नेमका 'दार्जिलिंग' या शब्दावर अडखळतो!) दुसरे घर टेक्सासमधले. तेथील मुलीचा बाप मेक्सिकोतून आलेला, गुरांच्या मळ्यावरचा मजूर. त्याला इंग्रजी येत नाही आणि मुलगी इंग्रजीच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचली आहे. तिसरे घर खुद्द वॉशिंग्टनमधल्या गरीब वस्तीतले. तेथे एकटी आई आपल्या कृष्णवर्णीय मुलीला वाढवते आहे. तिघांसमोर माईक एकच आहे. पण तिघे एकाच रेषेवरून धावले, असे कोणता प्रामाणिक माणूस म्हणेल?

त्या वर्षी जिंकली ती फ्लोरिडातील नुपूर लाला ही भारतीय वंशाची मुलगी. भारतीय वंशाचा पहिला विजेता 1985 साली झाला होता. 1999 नंतर तर अशा विजेत्यांची रांगच लागली. 2019 मध्ये आठ संयुक्त विजेत्यांपैकी सात भारतीय वंशाचे होते. मग इकडच्या वर्तमानपत्रांना 'भारतीय मेंदू'चे भरते येते. कोणी त्याचे श्रेय वेदपठणाच्या परंपरेला देतो. ज्या पठणाचा हा गौरव, ते शूद्राच्या कानावर पडले तर कानात तप्त धातू ओतावा, असे सांगणारी शास्त्रे याच परंपरेने लिहिली, हे मात्र तो सोयीस्कर विसरतो.

खरे कारण मेंदूत नाही, कायद्यात आहे. अमेरिकेने 1965 साली स्थलांतराचा कायदा बदलला आणि डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञांना दार उघडले. त्या दारातून आत जाण्याइतके शिक्षण त्या वेळी भारतात कोणाजवळ होते? बहुतांशी सवर्णांजवळ. त्यांची मुले पुस्तकांच्या घरात जन्मली. 1989 साली स्थापन झालेल्या नॉर्थ साऊथ फाउंडेशनने त्यांच्यासाठी गावोगावी सरावाच्या स्पर्धा उभ्या केल्या. त्या मुलांचे कष्ट खरे आहेत. आम्ही ते नाकारत नाही. पण त्या कष्टांच्या पाठीशी घर होते, पैसा होता, संघटना होती.

1936 साली याच स्पर्धेत ओहायोतील मॅकनोलिया कॉक्स ही तेरा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी उतरली. वॉशिंग्टनला जाताना तिला वाटेत वेगळ्या डब्यात बसावे लागले. इतर मुलांच्या हॉटेलात तिला जागा नव्हती. ती अखेरच्या पाचांत पोहोचली, तेव्हा तिला यादीबाहेरचा 'नेमेसिस' हा शब्द देण्यात आला आणि ती बाद झाली. त्याच 1936 साली बाबासाहेबांचा 'जातिभेद निर्मूलन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाची कुवत तीन गोष्टींवर अवलंबून असते, असे बाबासाहेब त्यात सांगतात: शारीरिक अनुवंश, सामाजिक वारसा आणि स्वतःचे प्रयत्न. पहिल्या दोन गोष्टी ज्यांना जन्मतःच मिळाल्या, त्यांचीच निवड करणे म्हणजे समर्थांची निवड नव्हे, ती सुस्थितीत जन्मलेल्यांची निवड होय, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. 'स्पेलबाउंड' पाहताना हेच तीन घटक डोळ्यांसमोर उभे राहतात.

आता 2018 चे उदाहरण पाहा. त्या वर्षी आयोजकांनी नवी वाट काढली: खालच्या फेरीतून निवड झाली नाही, तरी 750 डॉलर भरून राष्ट्रीय स्पर्धेत उतरता येईल. टेक्सासमधील एक मुलगा काऊंटीच्या फेरीत एका मुलीकडून हरला होता. तो या वाटेने आला आणि देशात पहिला आला! ज्या मुलीने त्याला हरवले होते, ती दुसरी आली. यात दोन धडे आहेत. पहिला: प्रवेशाच्या वेळी मागे असलेला विद्यार्थी संधी मिळताच सर्वांच्या पुढे जाऊ शकतो. आम्ही आरक्षणाबद्दल वेगळे काय सांगतो? दुसरा: जागा पैशाने मिळाली की गुणवत्तेची हत्या झाली अशी ओरड होत नाही. आमच्याकडील खाजगी मेडिकल कॉलेजांच्या मॅनेजमेंट कोट्याबद्दल कोणी कधी मोर्चा काढल्याचे वाचकांना आठवते काय?

अखेर 2021 साली लुइझियानाच्या झायला अवांत-गार्ड हिने ही स्पर्धा जिंकली. पहिली आफ्रिकन-अमेरिकन विजेती मिळण्यास 96 वर्षे लागली. इतकी वर्षे त्या समाजात बुद्धी नव्हती काय?

कायद्याच्या पातळीवर पाहायचे तर आमच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये, नीटमधील ओबीसी आरक्षण वैध ठरवताना, स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे, हे स्पष्ट केले. या गुणांत घरच्या सामाजिक आणि आर्थिक भांडवलाचा वाटा असतो, हेही सांगितले. उलट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2023 मध्ये हार्वर्डच्या खटल्यात विद्यापीठ प्रवेशातील वंशाचा विचार बंद केला, आणि त्या खटल्यात आशियाई विद्यार्थ्यांची बाजू पुढे करण्यात आली होती. एका पीडिताला दुसऱ्याविरुद्ध उभे करण्याचा हा डाव आम्हाला नवा नाही.

परंतु केवळ दुसऱ्याचे ढोंग उघडे करून आमची मुले पुढे जाणार नाहीत. सामाजिक वारसा जन्माने मिळाला नसेल, तर तो संघटनेने उभा करता येतो, हा या स्पर्धेचा सर्वांत मोठा धडा आहे. परदेशात मूठभर लोक शब्दकोश घेऊन हे करू शकतात, तर आमच्या बुद्धविहारांना ते अशक्य आहे काय? जयंतीच्या डीजेवर खर्च होणाऱ्या पैशांचा एक हिस्सा शब्दकोश, पुस्तके आणि इंग्रजी-गणिताच्या शिक्षकाकडे वळवा. विहारात रोज संध्याकाळी दोन तास अभ्यासिका चालवा. वस्तीतल्या शिकलेल्या नोकरदारांनी आठवड्यातला एक दिवस तेथे द्यावा. समाजाचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही. आणि वर्षातून एकदा मुलांना व पालकांना 'स्पेलबाउंड' दाखवून विचारा: या आठ मुलांपैकी कोणाला घरातून काय मिळाले होते?

या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला देता येईल, त्याला 'गुणवत्ता' या शब्दाने कोणी घाबरवू शकणार नाही. जयभीम!