पुरात बुडालेले वाहन आणि विक्रेत्याचे मौन

२३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर अवघ्या काही तासांत नागपुरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत शिरले आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट यांसारख्या भागांत दारापुढे उभी असलेली वाहने पाण्याखाली गेली. सुमारे १० हजार घरांचे नुकसान झाल्याचे शासनाच्या वतीने त्या वेळी सांगण्यात आले. घरांचे पंचनामे झाले, मदतही जाहीर झाली. परंतु अशा पुरात भिजलेली वाहने पुढे कोठे जातात, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे.

नागपूरपासून सुमारे ३० किलोमीटरवर वर्धा मार्गावर असलेल्या बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना या प्रश्नाची झळ विशेष लागू शकते. पाळीच्या वेळा सांभाळायच्या तर स्वतःचे वाहन हवे, आणि नवे परवडत नाही म्हणून अनेक कुटुंबे जुन्या वाहनाकडे वळतात. त्यासाठी साठवलेली पुंजी खर्च होते, प्रसंगी पतसंस्थेचे कर्जही काढले जाते. असे वाहन महामार्गावर वेगात असताना बंद पडले, तर प्रश्न केवळ पैशाचा राहत नाही.

विम्याचा नियम असा की, दुरुस्तीचा खर्च वाहनाच्या विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ते पूर्ण नुकसान समजले जाते. मालकाला भरपाई मिळते आणि ते वाहन मोडीत किंवा दुरुस्ती करणाऱ्यास विकले जाते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार, वाहन कायमचे निकामी झाले असल्यास मालकाने १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्यास कळवावयाचे असते. मात्र ते दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणले, तर आरसी बुकात पुराची नोंद करण्यासाठी रकानाच नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत पूरग्रस्त मोटारीच्या मालकीपत्रावरच तसा शिक्का मारला जातो. आपल्याकडे तशी सोय नसल्याने शोध घेण्याचा सारा भार खरेदीदारावर पडतो.

पाण्याने झालेली हानी लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण होय. गाळमिश्रित पाणी गालिच्याखाली, वायरिंगच्या जोडांत आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रकांत शिरते. वरून गाडी धुऊन-पुसून चकाकते. आत मात्र तांब्यावर हिरवट गंज चढत राहतो. काही महिन्यांनी दिवे आपोआप लागतात, काचा अडकतात. आणि सर्वांत भयंकर म्हणजे, अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडत नाही. पाण्यात अडकलेले इंजिन चालू करण्याचा प्रयत्न झाला असेल, तर आतला कनेक्टिंग रॉडही वाकलेला असू शकतो, कारण पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही.

म्हणून वाहन नेहमी दिवसाउजेडी पाहावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पुसावयाचा राहून गेलेला गाळाचा पट्टा बहुधा तेथेच सापडतो. गालिचा उचलून ओल व वास पाहावा. जुन्या गाडीत नवा कोरा गालिचा किंवा सुगंधी फवाऱ्याचा दर्प असल्यास कारण विचारावे. आसनांखालील रूळ, डॅशबोर्डखालचे स्क्रू, स्टेपनीची खोबण आणि हेडलाइटच्या आतील बाजू यांवर गंज वा मातीची रेघ आहे का, ते तपासावे. इंजिन ऑइल दुधाळ दिसता कामा नये. दुचाकीचे एअर फिल्टर, बॅटरीचा कप्पा व चाकांचे बेअरिंग उघडून पाहावे. हे सर्व आपल्या विश्वासातील मेकॅनिकसमवेत करावे. विक्रेत्याने आणलेल्या मेकॅनिकवर विसंबून राहू नये.

कागदपत्रेही बोलतात. अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदींत पुरानंतरच्या महिन्यांत मोठी दुरुस्ती दिसते का, ते पाहावे. मागील वर्षांच्या विमा पॉलिसी मागाव्यात. नो क्लेम बोनस एकाएकी शून्यावर आला असेल, तर दावा कशाचा होता हे विचारावे. मात्र गाडीचा केवळ तृतीय पक्ष विमा असेल, तर पुराचा दावा झालेलाच नसतो. तेव्हा दाव्याची नोंद नसणे म्हणजे गाडी निर्दोष असणे, असे मुळीच नव्हे.

आता कायद्याकडे वळू. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७ मध्ये एका घोड्याचे उदाहरण आहे. घोडा सदोष असल्याचे ठाऊक असूनही विक्रेता काही बोलला नाही, तर केवळ तेवढ्याने ती फसवणूक ठरत नाही. परंतु खरेदीदाराने, ‘तुम्ही नाकारले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,’ असे म्हटले आणि विक्रेता गप्प राहिला, तर त्याचे मौन हेच बोलणे ठरते. घोड्याच्या जागी मोटार ठेवली, तरी तत्त्व तेच राहते. म्हणून ‘हे वाहन कधी पाण्यात बुडाले होते काय?’ हा प्रश्न साक्षीदारांसमोर विचारावा आणि विक्रीच्या करारपत्रात त्याचे उत्तर लिहून घ्यावे. जो विक्रेता असे एक वाक्य लिहून देण्यास टाळाटाळ करतो, त्याचे उत्तर आपल्याला मिळालेच, असे समजावे.

अर्थात, पुरात सापडलेला मालकही नुकसान सोसलेलाच माणूस आहे. त्याने आपले वाहन विकू नये, असे कोणी म्हणणार नाही. दोष सांगून, त्यानुसार किंमत कमी करून विकणे हा प्रामाणिक व्यवहार होय. दोष झाकून विकणे म्हणजे आपल्या दारातील पुराचे पाणी दुसऱ्याच्या घरात लोटणे होय. कायदा विक्रेत्याला काही प्रसंगी गप्प राहण्याची मुभा देतो. सदसद्विवेकबुद्धी ती देत नाही. आरसी बुकात पुराची नोंद सक्तीची होईल तो सुदिन. तोवर खरेदीदाराने निःसंकोच विचारावे आणि विक्रेत्याने निःसंकोच सांगावे.