परवान्याची परीक्षा आणि थांबण्याची विद्या

गाणगापूरला दत्तदर्शनासाठी किंवा हुमनाबादजवळच्या माणिकनगरला प्रभूंच्या समाधीपुढे माथा टेकण्यासाठी आपल्या किनारपट्टीवरून जी कुटुंबे जातात, त्यांना बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे कधी परके वाटले नाहीत. बीदरचे पठार आपल्या ओळखीच्या जांभ्या दगडाचे आणि भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतल्या बाजारात कानी पडणारी मराठीही आपलीच. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग मुंबई राज्यात गेला आणि उरलेल्यापैकी बराचसा भाग म्हैसूर राज्यात गेला. नकाशावर रेघ पडली, परंतु सोयरीक, बाजारहाट आणि शिक्षण यांची रोजची ये-जा त्या रेघेने थांबली नाही. आज ही ये-जा मुख्यतः मोटारसायकलवर चालते आणि म्हणूनच त्या मोटारसायकलवर बसणाऱ्या तरुणाच्या हाती परवाना कसा पडतो, हा प्रश्न विचारणे आम्हाला अगत्याचे वाटते.

यात आमचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे. कायद्याने वाहनचालकाचा परवाना साऱ्या भारतात चालतो. भालकीत मिळालेला परवाना चोर्ल्याच्या घाटातही चालतो आणि पणजीत मिळालेला हुमनाबादच्या चौकातही. तेव्हा एका ठिकाणची परीक्षा कच्ची राहिली, तर तिचा धोका सर्वांच्याच वाट्याला येतो. शिवाय जे दुखणे सीमाभागाचे म्हणून आम्ही सांगत आहोत, ते आपल्याही घरचे आहे, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

खेड्यातला मुलगा मोटारसायकल शिकतो कशी? थोरला भाऊ किंवा मित्र त्याला गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर नेतो, क्लच आणि गिअर दाखवतो, गाडी पुढे सरकली की शिक्षण संपले! चालवायचे कसे ते कळते; थांबवायचे कसे ते कोणी सांगत नाही. सांगितलेच तर ते उलटे सांगितले जाते. ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, तोंडावर पडशील,’ हा सायकलच्या काळापासून चालत आलेला उपदेश आहे आणि तो घातक आहे. गाडीचा वेग कमी होऊ लागला की तिचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचे चाक हलके होते. त्यामुळे गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचाच ब्रेक करतो. एकटा मागचा ब्रेक जोराने दाबला तर चाक जागीच अडकते आणि गाडी घसरत जाते. पुढचा ब्रेक एकदम आवळू नये हे खरे; पण भार पुढे येऊ लागला तसतसा दाब वाढवीत, मागच्या ब्रेकच्या साथीने तो लावणे, हीच खरी रीत होय. ती उपजत येत नाही, सरावानेच येते.

वेगाचा हिशेबही असाच कोणी शिकवीत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. समोर बैल दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत एवढे अंतर सरलेले असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ब्रेक उत्तम लागला तरी आणखी सुमारे १० मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते आणि गाडी थांबेपर्यंत एकूण ६० मीटरांहून अधिक रस्ता मागे पडतो. रात्रीच्या वेळी दिव्याचा उजेड जिथवर पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवावा, हा नियम या हिशेबातूनच निघतो. मागे लाल दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असते, तेव्हा या नियमाची किंमत कळते. पण बहुधा फार उशिरा.

वळणाचीही तीच कथा. वेग वळणात शिरण्यापूर्वी कमी करायचा, नजर पुढच्या खड्ड्यावर न खिळवता वळण जिथे सुटते तिथे ठेवायची, गाडी कललेली असताना ब्रेक आवळायचा नाही. एवढी तीन पथ्ये पाळली तरी कितीतरी अनर्थ टळतील. कलबुर्गीच्या काळ्या रानात पहिला पाऊस झाला, की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरी रस्त्यावर येतो आणि तो साबणासारखा निसरडा असतो. सुगीत तर रस्त्याच्या कडेला धान्य वाळत पडलेले असते. अशा रस्त्यावर वळणातच ब्रेक लावणारा नवशिक्या पडणार नाही तर काय होईल?

आता परीक्षेकडे वळू. शिकाऊ परवाना मिळाल्यावर निदान तीस दिवसांनी उमेदवाराला परीक्षा देता येते. सर्वसाधारण अनुभव असा, की मोकळ्या जागेत पाय न टेकता इंग्रजी आठाचा आकडा काढला की उमेदवार उत्तीर्ण. हा आकडा निरर्थक नाही. मंद वेगात तोल आणि क्लच सांभाळण्याची ती कसोटी आहे. परंतु माणसे मंद वेगात मरत नाहीत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील पंधरावा नियम उघडून पाहावा. उजव्या-डाव्या वळणावर गाडी योग्य रीतीने वळवता येते काय आणि संकटसमयी ती थांबवता येते काय, हे पाहण्याची अपेक्षा त्यात स्पष्टपणे नोंदलेली आहे. म्हणजे आम्ही काही नवीन मागत नाही. जे कागदावर आहे ते मैदानावर उतरावे, एवढीच आमची मागणी आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. परीक्षा कठीण केली तर गरीब मुले परवान्याच्या वाटेलाच जाणार नाहीत किंवा दलालाकडे वळतील, असे म्हटले जाते. परीक्षा कडक आणि शिक्षण शून्य, अशी व्यवस्था केल्यास हे नक्कीच घडेल. म्हणून शिक्षण आधी हवे. त्यासाठी फार मोठा खर्च नको. ताशी ३० किलोमीटर वेग घेऊन थांबण्यासाठी पन्नास-साठ मीटरांची मोकळी जागा आणि खुणेला चार विटा पुरतात. तालुक्याच्या महाविद्यालयाचे मैदान सुटीच्या दिवशी मिळू शकते. सीमाभागात हे शिक्षण कन्नडबरोबर मराठीतही द्यावे. कारण संकटाच्या क्षणी माणसाला आठवते ती आईच्या भाषेत शिकलेली गोष्ट.

हा वायफळ बाऊ नव्हे. केंद्र सरकारच्याच अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांत दुचाकीवरील मृतांचा वाटा शेकडा ४४ हून अधिक होता. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५० हजारांच्या वर होती. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरील नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारी ब्रेकयंत्रणा सक्तीची झाली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण जुन्या गाड्यांवर ती नाही आणि असली तरी यंत्र चालकाला विवेक देऊ शकत नाही.

पालकांनाही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्या पालकाला २०१९ च्या दुरुस्तीने २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद झाली आहे. परंतु दंडाच्या भीतीने मुलाला जपावे लागणे, ही कोणत्याही घराला शोभणारी गोष्ट नव्हे. गाडी घेऊन देणाऱ्या बापाने त्याच दिवशी हेल्मेट द्यावे आणि मोकळ्या मैदानात मुलाला शंभर वेळा गाडी थांबवायला लावावी.

दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी सीमाभागापासून या कामाला आरंभ करावा आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कारभाऱ्यांनीही त्यातून बोध घ्यावा. दाराशी उभी असलेली आई मुलगा किती वेगाने गेला हे मोजत नसते. तो परत केव्हा येतो, याकडे तिचे डोळे लागलेले असतात. जो थांबू शकतो तोच परत येतो. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने सही करताना एवढे स्मरणात ठेवावे.