तीन आठवड्यांची शाश्वतता

अमेरिकी विद्यापीठांतून दरवर्षी परदेशी शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण तिथे आठ आठवड्यांपेक्षा जास्त राहत नाहीत. कित्येकांचा मुक्काम तर दोन-तीन आठवड्यांचाच असतो. या छोट्या अभ्यासक्रमांत ‘शाश्वत विकास आणि जबाबदार पर्यटन’ हा विषय लोकप्रिय आहे, आणि तो शिकवायचा म्हटले की कोस्टारिकाचे नाव हटकून पुढे येते. परीक्षा संपल्या की पंधरा-वीस मुले आणि एक-दोन प्राध्यापक सान होसेच्या विमानतळावर उतरतात. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनाही या सहली परक्या नाहीत. ढगांतले जंगल, ज्वालामुखी, कॉफीचा मळा, समुद्रकिनारा, शेवटच्या दिवशी अनुभवकथन आणि परत येताना पदरात क्रेडिट्स.

कोस्टारिकाची निवड चुकीची नाही. गुरांच्या कुरणांसाठी झाडे तोडता तोडता १९८०च्या दशकात या देशातले जंगल एक चतुर्थांशाच्या आसपास उरले होते. १९९६च्या वनकायद्याने जंगलाची जमीन दुसऱ्या कामासाठी वापरण्यास बंदी आणली. पाठोपाठ, झाडे राखणाऱ्या जमीनमालकांना इंधनावरच्या करातून मोबदला देण्याची योजना सुरू झाली. आज देशाचा निम्म्याहून अधिक भाग पुन्हा वनाखाली आहे. उभे जंगल कापलेल्या जंगलापेक्षा जास्त पैसे मिळवून देते, हे तिथल्या माणसाला पटवण्यात पर्यटनाचा वाटा मोठा आहे. विद्यार्थ्यांनी हे जरूर पाहावे.

प्रश्न आहे तो तीन आठवड्यांत काय दिसते याचा. मोंटेवेर्देचेच उदाहरण घ्या. सक्तीची लष्करभरती नाकारणारी काही क्वेकर कुटुंबे १९५१ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामातून इथे डोंगरावर येऊन राहिली, गाई पाळू लागली, चीज करू लागली आणि पाण्यासाठी माथ्यावरचे जंगल त्यांनी तसेच राखले. या जंगलात सोनेरी भेक होता, जगात इतरत्र कुठेही नसलेला. १९८७ मध्ये वैज्ञानिकांनी तो दीड हजारांच्या संख्येने पाहिला. १९८९ मध्ये एकच दिसला. त्यानंतर कुणालाही दिसला नाही. ऐन मोसमात तीन आठवडे आलेल्या पाहुण्याला १९८७ मध्ये सारे आलबेलच वाटले असते.

काहीतरी बिघडते आहे हे आकड्यांनी दाखवणाऱ्यांत याच वस्तीतले जॉन कॅम्बेल होते. त्यांनी १९७०च्या दशकापासून तिथल्या पावसाची रोजची नोंद ठेवली होती. कोरडे दिवस वाढत चालले आहेत, सलग कोरड्या दिवसांची रांग लांबते आहे, हे त्या नोंदींतून निघाले. १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये जो शोधनिबंध आला, त्याच्या तीन लेखकांत कॅम्बेल यांचे नाव आहे. तिथल्या पन्नासपैकी वीस जातींचे बेडूक व भेक नाहीसे झाले होते. यात तापत्या हवामानाचा दोष किती, एल निनोचा किती आणि बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचा किती, यावर वैज्ञानिकांत पुढे बराच वाद झाला. पण वाद घालायला आकडे होते, कारण कुणीतरी रोज सकाळी पर्जन्यमापक रिकामा करत होते.

पुष्कळ अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांनी रोजनिशी लिहायची असते: आज काय पाहिले, काय वाटले, दृष्टिकोन कसा बदलला. हे वाईट नाही. परदेशात जाऊन मुले बदलतात, असे प्राध्यापक सांगतात, आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. फक्त हा बदल बहुतेकदा मुलांनाच प्रश्नावली देऊन, परतीच्या सुमारास मोजला जातो. भारावलेला माणूस विमानतळावर जे सांगतो ते पाच वर्षांनी टिकते का, हे तपासण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. आणि ज्या गावात ही मुले राहिली, त्या गावाला त्या रोजनिशीचा काही उपयोग नाही.

याच देशात उलटे उदाहरणही आहे. कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला हिरव्या समुद्री कासवांची वीण होते. आर्ची कार या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात तिथे कासवांना बिल्ले लावायला सुरुवात केली. ते काम आजही चालू आहे, आणि रात्री किनाऱ्यावर गस्त घालून कासवे व घरटी मोजायला काही आठवड्यांसाठी आलेले स्वयंसेवक असतात. या कासवाची मादी दर वर्षी अंडी घालत नाही, मध्ये दोन-तीन वर्षे जातात; त्यामुळे एका हंगामाची मोजणी जवळजवळ निरर्थक असते. पण हंगामामागून हंगाम जोडले की चित्र उमटते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून २००३ पर्यंत इथली घरटी सुमारे पाचपट झाली. अलीकडच्या वर्षांत ती पुन्हा घटू लागली आहेत, हेही त्याच मोजणीने सांगितले. इथे पंधरा दिवस आलेल्या विद्यार्थ्याचे काम वाया जात नाही, कारण आधीच्याने जिथे सोडले तिथून तो उचलतो.

आता याच कॅरिबियन बाजूच्या रस्त्याची गोष्ट. कासवे पाहायला निघालेल्या काही बस सिकिरेसवरून जातात. दोन्ही बाजूंना केळी आणि अननसाची शेते लागतात. ताजा अननस निर्यात करण्यात कोस्टारिका जगात पहिला आहे, आणि न्याहारीच्या ताटात त्याच्या फोडी असतातच. सिकिरेसजवळच्या काही वस्त्यांच्या पाण्यात या शेतांवर फवारले जाणारे ब्रोमॅसिल आणि डाययुरॉन ही तणनाशके सापडली. ब्रोमॅसिल पाण्याबरोबर सहज खाली झिरपते आणि भूजलात टिकून राहते. २००७ पासून या लोकांना टँकरने पाणी पुरवावे लागले. टँकर म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या वाचकाला सांगायला नको. पण इथे पाऊस धो धो पडतो आणि विहिरीला पाणी असते, ते पिण्याजोगे नसते. ब्रोमॅसिलवर सरकारने बंदी घातली ती २०१७ मध्ये, दहा वर्षांनी.

शाश्वततेचा अभ्यासक्रम इथे थांबत नसेल, तर तो शाश्वततेची जाहिरात पाहून येतो. जंगल राखणारा आणि तणनाशक पिणारा देश एकच आहे, आणि हे कसे घडते हाच खरे तर विद्यापीठात शिकायचा विषय. त्यासाठी शेतमजुरांशी बोलावे लागेल, गावच्या पाणी समितीच्या बैठकीला बसावे लागेल. स्लॉथ पाहण्याइतके ते रंजक नसेल.

विमानाचा हिशेबही टाळता येत नाही. न्यूयॉर्क ते सान होसे जाऊन-येऊन सात हजार किलोमीटर. मोजण्याच्या पद्धतीनुसार दरडोई अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइड होतो. कोस्टारिकातल्या माणसाचे इंधन जाळण्यातून होणारे वर्षभराचे सरासरी उत्सर्जन दीड टनाच्या आसपास आहे. म्हणजे त्याच्या कित्येक महिन्यांचा वाटा विद्यार्थी नुसत्या येण्या-जाण्यात संपवतो. मुक्कामाला सौरदिवे आणि कंपोस्टची टोपली असल्याने ही वजाबाकी होत नाही. तरीही कुणी जाऊच नये, असा याचा अर्थ नाही. तोर्तुगेरोची मोजणी बाहेरून आलेल्या हातांशिवाय इतकी वर्षे चालली नसती.

विद्यापीठांनी दर वर्षी नवे ठिकाण शोधणे आधी थांबवावे. त्याच गावात, त्याच आठवड्यात, त्याच पाच विहिरींचे आणि दोन ओढ्यांचे नमुने दर वर्षीच्या तुकडीने घ्यावेत. काय मोजायचे हे गावाने ठरवावे, आकडे गावाच्या भाषेत गावाकडे राहावेत, तपासणीचा खर्च विद्यापीठाने उचलावा. वीस तुकड्यांनी वीस वर्षे हे केले तर पाण्यातली तणनाशके वाढताहेत की कमी होताहेत, हे सांगायला गावकऱ्यांच्या हाती कागद असेल. पहिल्या तुकडीला त्यातून काहीच निष्कर्ष मिळणार नाही. तिला तरीही क्रेडिट मिळावे.

पैसे भरण्याआधी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोनच गोष्टी विचाराव्यात: मागच्या तुकडीने तिथे काय मोजले, आणि ते आकडे आज कोणाकडे आहेत? माहितीपत्रकात याचे उत्तर नसेल तर फोन करून विचारावे.